सर्टिफिकेटची मागची बाजू

पार्ले पूर्वेला कुणाच्या घरी गप्पा मारत बसलात तर एक सवय लवकर ध्यानात येते. बोलणारा वाक्याच्या मध्येच थांबतो, पाचसात सेकंद कपातल्या चहाकडे बघत राहतो आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतो. नव्या पाहुण्याला वाटतं, आजोबा काहीतरी विसरले. ते काही विसरलेले नसतात, पन्नास वर्षांत बोलायची लयच तशी बसलेली असते. पार्लेकर हा विषय विनोदाने सांगतात. पण त्याच विमानाचा इथल्या घरांच्या किमतीशी थेट संबंध आहे, हे घर घ्यायला आलेल्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही.

माझी भाची गेल्या वर्षी नवऱ्याबरोबर पार्ल्यात घर शोधायला लागली. "मामा, रविवारी येतोस का? तुला कागद कळतात," म्हणाली. कागद कळतात म्हणजे एवढंच, की मी बँकेच्या गृहकर्ज विभागात बरीच वर्षं काढली आणि दुसऱ्यांच्या घरांच्या फायली चाळल्या. वकील मी नाही. पण फायली चाळता चाळता माणसं कुठे अडकतात ते दिसायला लागतं. बहुतेक जण फ्लॅट बघतात. टाइल्स बघतात, पंखा लावून बघतात, बाथरूमचा नळ सोडून बघतात. पार्ल्यासारख्या ठिकाणी आपण पैसे मोजतो ते मात्र टाइल्सच्या चार मजले खाली असलेल्या मातीसाठी. तिच्याकडे बघायला कुणी वाकत नाही.

पश्चिमेला रेल्वे, पूर्वेला द्रुतगती महामार्ग, उत्तरेला अंधेरी आणि दक्षिणेकडे विमानतळ व सांताक्रूझ. या चौकटीत बसलेलं हे छोटं उपनगर. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. १९२९ पासून बिस्किटांचा कारखाना होता. गाडी पार्ल्यात शिरली की डोळे मिटलेल्या माणसालाही भाजलेल्या बिस्किटाच्या वासावरून स्टेशन कळायचं. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. १९५० मध्ये पार्ले मुंबईत सामील झालं तेव्हा ते बंगल्यांचं आणि वाड्यांचं गाव होतं. मग बंगले गेले आणि त्यांच्या जागी तीनचार मजल्यांच्या, बिनलिफ्टच्या इमारती आल्या. आता त्या पाडून बारा-पंधरा मजली टॉवर उभे राहताहेत.

यातली खरी गोम अशी, की पार्ले वाढू शकत नाही. मोकळी जमीन उरलेलीच नाही. नवं घर निर्माण होतं ते फक्त जुनं पाडून. त्यामुळे इथल्या जुन्या फ्लॅटच्या किमतीत दोन किमती मिसळलेल्या असतात. एक, आज तिथे राहता येतं त्याची. दुसरी, ती इमारत उद्या पाडून मोठं घर मिळेल या आशेची. एजंट या दोन्ही किमती एकाच आकड्यात सांगतो. त्या वेगळ्या करणं हेच घेणाऱ्याचं काम.

आम्ही सहा फ्लॅट पाहिले, त्यातल्या दोनच फ्लॅटची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

पहिला शांत गल्लीत होता. दारात बकुळीचं झाड, आत नुकताच रंग दिलेला, मॉड्युलर किचन, खिडकीतून वारा. किंमत २ कोटी २० लाख. भाचीने दारातच ठरवून टाकलं होतं. दुसरा बाजाराच्या जरा जवळ, मोठ्या रस्त्यावर. ओटा कडप्प्याचा, मोरीचा उंबरा तसाच, हॉलमध्ये पिवळी पडलेली ट्यूबलाइट आणि भिंतीवर कॅलेंडरच्या खिळ्यांची नक्षी. किंमत २ कोटी ४० लाख. भाचीचा नवरा जिन्यातच म्हणाला, "मामा, वीस लाख जास्त कशाचे? या अवकळेचे?"

मी दोन्ही इमारतींची मालमत्ता पत्रकं काढायला सांगितली. शहरातल्या जमिनीचा हा जन्मदाखला. गावाकडे सातबारा असतो, तसं नगर भूमापन झालेल्या भागात प्रॉपर्टी कार्ड. ते आता ऑनलाइनही मिळतं. त्यावर भूखंडाचं क्षेत्रफळ असतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'धारक' या रकान्यात एक नाव असतं. दुसऱ्या इमारतीच्या कार्डावर सोसायटीचं नाव होतं. पहिल्या इमारतीच्या कार्डावर अशा गृहस्थांचं नाव होतं की ज्यांना जाऊन तीस वर्षं झाली असावीत. ज्यांनी बंगला बिल्डरला दिला ते हे मूळ मालक. इमारत सोसायटीची, जमीन मात्र कागदावर अजून त्यांचीच.

याला लोक 'कन्व्हेअन्स झालेलं नाही' असं म्हणतात. महाराष्ट्राच्या १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्यानुसार बिल्डरने सोसायटीच्या नावे जमीन आणि इमारत करून द्यायची असते. करारात मुदत ठरलेली नसेल तर सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. प्रत्यक्षात चाळीस चाळीस वर्षं ती करून दिली गेली नाही अशा सोसायट्या मुंबईभर आहेत. बिल्डर ते टाळतो, कारण जमीन त्याच्या हातात राहिली तर पुढे वाढणारा चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, त्याला वापरता येईल अशी आशा असते. कधी मूळ मालकाचे वारस आपसात भांडत असतात. कधी नुसता आळस. २००८ च्या दुरुस्तीने यावर उपाय आला. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करते आणि सुनावणी होऊन तिला एकतर्फीही कन्व्हेअन्स मिळू शकतं. सरकारी मराठीत त्याला 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणतात. शब्द उच्चारायला जितका जड, तितकीच प्रक्रिया लांब. पण ती होते.

मग पहिल्या फ्लॅटवर फुली मारायची का? नुसत्या एवढ्यासाठी नाही. कन्व्हेअन्स नसलेल्या इमारतींत लाखो लोक सुखाने राहतात आणि बँकाही कर्ज देतात. पण तुम्ही आशेची किंमत मोजणार असाल, तर ज्या जमिनीवर ती आशा उभी आहे ती कुणाची, हे तरी ठाऊक हवं. आम्ही सेक्रेटरीला विचारलं, मानीव कन्व्हेअन्सचा अर्ज केलाय का? ते म्हणाले, "मागच्या एजीएममध्ये विषय निघाला होता." विषय निघणं आणि अर्ज करणं यांत सोसायट्यांच्या आयुष्याची दहा वर्षं जातात.

आता रस्ता. बकुळीची ती गल्ली सुंदर होती, कारण ती अरुंद होती. आम्ही पावलांनी मोजली, सहाएक मीटर भरली असेल. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीत उपनगरातला मूळ निर्देशांक १ आहे. त्यावर प्रीमियम भरून आणि टीडीआर (दुसऱ्या भूखंडाचा हस्तांतर करता येणारा बांधकामाचा हक्क) विकत घेऊन किती चढवता येईल, ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर ही जादा चटई जवळपास मिळतच नाही. ९ मीटरच्या पुढे निर्देशांक दुपटीपर्यंत जातो, रस्ता जसा रुंद तसा आणखी थोडा. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे भरपाईचं जादा क्षेत्र. शिवाय जुन्या सोसायटीने पुनर्विकास केला तर अस्तित्वातल्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा दर सदनिकेमागे १० चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल ते प्रोत्साहन म्हणून.

आकड्यात मांडतो म्हणजे नीट दिसेल. ८०० चौरस मीटरचा भूखंड, त्यावर चार मजले आणि सोळा घरं धरू. निर्देशांक १ होता तेव्हा बांधकामही ८०० चौरस मीटर, म्हणजे घरटी ५० मीटर, साधारण ५४० फूट. रस्ता रुंद असेल तर निर्देशांक २ धरून १६०० होतात, फंजिबल धरून २१६०. त्यातून सोळा जुन्या सभासदांना थोडं वाढवून घरं दिली, तरी बिल्डरकडे विकायला हजाराच्या आसपास चौरस मीटर उरतात. म्हणून बिल्डर दारात येतो, भाडं देतो, कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे देतो, वर पेढेही देतो. रस्ता सहा मीटरचा असेल तर त्याच्याकडे विकायला फारसं काही उरतच नाही. मग येतो कोण? बकुळीचं झाड.

आणि समजा रस्ता रुंद आहे, कन्व्हेअन्स आहे, सोळाही सभासद एकमताने तयार आहेत (हे तर कल्पनेतही अवघड), तरी वरून विमान जातं.

विमानतळाभोवती हवेत न दिसणारे उतार आखलेले असतात. मोठ्या धावपट्टीच्या टोकापासून पुढे विमान उतरण्याच्या मार्गाखाली जो उतार धरतात तो २ टक्क्यांचा असतो. ५० मीटर पुढे गेलं की उंचीची मुभा १ मीटरने वाढते. धावपट्टीच्या टोकापासून किलोमीटरभर दूर असलेल्या इमारतीला म्हणजे धावपट्टीच्या पातळीपेक्षा जेमतेम वीसेक मीटर उंची मिळते. या निमुळत्या पट्ट्याला पार्ल्यात, सांताक्रूझमध्ये सरसकट 'फनेल' म्हणतात. पट्ट्याच्या बाहेरही मोकळं रान नाही. विमानतळाभोवती साधारण चार किलोमीटरपर्यंत ४५ मीटरचं अदृश्य छत असतं. यासाठी २०१५ ची केंद्र सरकारची नियमावली आहे, आणि विमानतळ प्राधिकरणाने कोणत्या भागात किती उंची याचे रंगीत नकाशे केले आहेत. बांधकामाआधी प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागतो.

त्या दाखल्यातली एक बारीक गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक असावी. दाखल्यातली उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. समजा ३० मीटर मिळाली आणि भूखंड समुद्रसपाटीपासून ८ मीटरवर असला, तर प्रत्यक्ष इमारतीला २२ मीटर. त्यातच लिफ्टची खोली, पाण्याची टाकी आणि वरचा अँटेनाही बसवायचा. खाली मोटारींसाठी एकदोन मजले सोडले की राहायचे मजले किती उरतात ते बोटांवर मोजा. आमच्या मघाच्या हिशोबातल्या २१६० चौरस मीटरना, प्रत्येक मजला ३२० चौरस मीटरचा धरला तरी, सात मजले लागतात. सात बसत नसतील तर कागदावरचा निर्देशांक कागदावरच राहतो. एकाच पार्ल्यात दोन गल्ल्यांच्या अंतराने एका सोसायटीचा टॉवर होतो आणि दुसरीचे म्हातारे सभासद चौथ्या मजल्यावर गुडघे धरून चढत राहतात, त्यामागचं कारण बहुतेक वेळा हेच. आणि हा नियम वाकवून चालत नाही. विमानतळाजवळच्या उंचीचं उल्लंघन करणाऱ्या ४८ इमारतींवर कारवाई करा असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला होता.

पहिल्या इमारतीबद्दल मी एजंटला विचारलं, "ही फनेलमध्ये येते का?" तो म्हणाला, "साहेब, फनेल आता उठणार आहे." मी गेली वीस वर्षं हे वाक्य ऐकतोय. त्यापेक्षा शेजारच्या एखाद्या पुनर्विकसित इमारतीला मिळालेली उंची विचारा, नाहीतर सोसायटीने कधी आर्किटेक्टकडून व्यवहार्यता अहवाल करून घेतला असेल तर तो मागा. त्यात ही उंची लिहिलेली असते. दुसऱ्या इमारतीने असा अहवाल करून घेतला होता. ती फनेलच्या बाहेर होती. वीस लाखांचं कोडं इथे सुटलं. अवकळेचे वीस लाख नव्हतेच ते, ते रस्त्याचे, उंचीचे आणि मालमत्ता पत्रकावरच्या एका नावाचे होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्याला नुसतं राहायचंय, पुनर्विकास नकोच आहे, त्याने हा सगळा खटाटोप का करावा? त्याला तर फनेलमधलं घर फायद्याचं. किंमत कमी, समोर टॉवर उभा राहण्याची भीती नाही, गल्लीत आकाश दिसतं. मला हे पटतं. फक्त तेव्हा इमारतीची तब्येत जास्त कसून बघावी लागते, कारण ती पाडून सुटका नाही, तिलाच जगवायचंय. मुंबईच्या खाऱ्या हवेत सिमेंटच्या आतलं लोखंड गंजतं आणि गंजलेलं लोखंड फुगतं, मूळ लोखंडाच्या काही पट. त्या फुगण्याने सिमेंटला भेग पडते, भेगेतून पाणी जातं आणि गंज आणखी वाढतो. जिन्याच्या खालच्या बाजूला, पाण्याच्या टाकीखाली आणि गच्चीलगतच्या मजल्यावर आधी कळतं. बैठकीच्या खोलीतला ताजा रंग काहीच सांगत नाही, उलट गळती झाकतो. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. तो अहवाल मागायचा. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२ मध्ये मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. अहवाल नाही असं सांगितलं तर तेही एक उत्तरच.

आणि शक्य असेल तर घर जुलैत बघायला जावं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. पाणी कुठवर आलं होतं, हे तळमजल्यावरचा कोणीही जुना रहिवासी भिंतीला हात लावून दाखवतो. कागदावर ती रेघ कुठेच नसते.

आता शेअर सर्टिफिकेट. सहकारी सोसायटीत तुमचा फ्लॅटवरचा हक्क सभासदत्वातून येतो, आणि त्याचा पुरावा म्हणजे हा जाड कागद. त्यावर किनारीला वेलबुट्टी, मध्ये शेअर्सचे क्रमांक, खाली चेअरमन, सेक्रेटरी आणि कमिटीच्या एका सभासदाच्या सह्या. दुसऱ्या फ्लॅटच्या मालकीणबाईंनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रेशनकार्डाच्या पाकिटात आणि पाकीट गोदरेजच्या लॉकरमध्ये ठेवलं होतं. समोरची बाजू बघून भाची म्हणाली, "छान आहे." मी म्हटलं, "उलट."

मागे तक्ता असतो. हस्तांतराची तारीख, कुणाकडून, कुणाकडे, सही. पहिली ओळ १९७४ ची, निळ्या शाईत, वळणदार. दुसरी १९९१ ची, मालकीणबाईंच्या यजमानांच्या नावे. त्यांना जाऊन सहा वर्षं झालेली. तिसरी ओळ नव्हतीच. नॉमिनी म्हणून बाईंचं नाव होतं, आणि त्यांची, एजंटची, अगदी सेक्रेटरीचीही समजूत होती की नॉमिनी म्हणजे मालक. तसं नसतं. सोसायटीला व्यवहारासाठी कुणाशी बोलायचं ते नॉमिनेशनने ठरतं, मालकी वारसांची राहते. वारस तिघे. बाई, डोंबिवलीची मुलगी आणि अमेरिकेतला मुलगा. मुलीने हक्कसोडपत्र नोंदवून दिलं. मुलाने आपला हिस्सा ठेवायचं ठरवलं, त्यामुळे विकणारे दोघे झाले. त्याचं कुलमुखत्यारपत्र तिकडे करून इकडे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ती मुदत आम्ही सहा दिवस राखून गाठली. त्यात आणखी एक मेख होती. ५० लाखांच्या पुढच्या घराचे पैसे देताना घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा असतो, पण विकणारा अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम चालत नाही, कपात बरीच मोठी असते. बाईंच्या हिश्शाला एक नियम आणि मुलाच्या हिश्शाला दुसरा. कापायला विसरलात तर आयकर खातं घेणाऱ्याला धरतं. माझ्या फायलींत असे दोन जण होते. दोघेही म्हणायचे, "पण कर तर त्यांचा होता ना!"

पार्ल्यासारख्या जुन्या, शिकलेल्या वस्तीत हा वारसांचा गुंता घरोघर आहे. आईवडील इथे, मुलं तीन खंडांत. एजंट म्हणतो "क्लिअर टायटल", पण ते क्लिअर आहे की नाही हे वकिलाने तीस वर्षांचा सर्च घेतल्यावर आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिल्यावर ठरतं. दोन आठवड्यांची नोटीस, मराठी आणि इंग्रजी दोन्ही पेपरांत. लोक तिला औपचारिकता समजतात. एका फायलीत याच नोटिशीमुळे विक्रेत्याची पहिली पत्नी उजेडात आली होती.

आणखी एक. कुठे स्वस्तात जागा दिसली की विचारायचं, मालकीची की पगडीची? पार्ल्यातल्या जुन्या वाड्यांत पगडीच्या खोल्या अजून आहेत. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पगडी घेणं-देणं कायदेशीर आहे, पण हातात शेअर सर्टिफिकेट येत नाही, भाड्याची पावती येते. जमीन आणि इमारत घरमालकाचीच. बँका त्यावर सहसा कर्ज देत नाहीत.

पैशांचं थोडक्यात. ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या ७५ टक्के. २ कोटी ४० लाखांवर १ कोटी ८० लाख, म्हणजे हातचे ६० लाख. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के, ते १४ लाख ४० हजार. ते कर्जात धरत नाहीत. नोंदणी ३० हजार, एजंटचा १ टक्का आणि त्यावरचा जीएसटी. हातात ७८ लाख तरी हवेत. घर फक्त बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे, इथे २ लाख ४० हजार वाचले असते. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत जाते. यावर आमच्या घरी एक संध्याकाळ चर्चा झाली. ती काय झाली ते इथे लिहिणार नाही, पण दोघांच्या नावे घर झालं.

सोसायटीचं हस्तांतर शुल्क महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. त्यावर 'ऐच्छिक देणगी' मागणाऱ्या सोसायट्या भेटतात. ऐच्छिक म्हणजे इच्छा त्यांची. आम्हाला तसं कुणी काही मागितलं नाही. कमिटीने चहाला मात्र बोलावलं आणि दोन प्रश्न विचारले. कुत्रा आहे का, आणि गावाकडचे कुठले.

या दुसऱ्या प्रश्नावर आपल्याकडे कुणी फार लिहीत नाही, पण छोट्या, नेटक्या वस्तीत घर घ्यायचं म्हणजे त्या वस्तीने आपल्याला घेणंही असतं. पार्ल्यात आज जुने सभासद टॉवरमध्ये गेल्यावर महिन्याचा मेंटेनन्स बघून घर विकतात आणि विरार-बदलापूरकडे निघतात. विकणारा मराठी असतो आणि घेणारा बहुतेकदा नसतो. 'पार्ले पंचम' या इथल्या संस्थेने नव्या इमारतींतली ५० टक्के घरं पहिलं वर्षभर मराठी माणसांसाठी राखून ठेवावीत अशी मागणी केली होती. ती कायद्यात किती बसेल याबद्दल मला शंका आहे. पण त्यामागची ठसठस खरी आहे. काही इमारतींत मासे खाणाऱ्याला घर दाखवायचंच टाळतात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे, आणि तोंडावर कुणी बोलत नाही. भाचीला एका फोनवर "तुम्ही प्युअर व्हेज ना?" असं विचारलं गेलं. तिने "बुधवार, शुक्रवार, रविवार सोडून" असं उत्तर दिलं. तो सातवा फ्लॅट बघायचा राहिलाच.

टोकन देण्याआधी आम्ही टेप घेऊन गेलो. जुन्या करारात ५८० फूट बिल्टअप लिहिलं होतं, एजंटच्या तोंडी ६२० होते. भाचीने टेपचं एक टोक धरलं, तिच्या नवऱ्याने दुसरं, मी वहीत आकडे मांडत होतो. कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली, प्रत्यक्ष पाय ठेवता येणारी जागा. ती ४७० भरली, त्यातही बेडरूमची पंचवीस फुटांची गॅलरी कधीतरी आत घेतलेली होती. मंजूर नकाशात ती गॅलरीच होती. पुनर्विकासात क्षेत्रफळ धरतात ते मंजूर नकाशाचं. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "यांनी घेतली ती आत, पंच्याण्णव साली. मुलाला अभ्यासाला जागा हवी होती." त्या जागेवर अजून शाळकरी उंचीचं टेबल होतं, कडेला कर्कटकाने कोरलेली आद्याक्षरं. त्या पंचवीस फुटांचे पैसे आम्ही घासाघीस करून कमी करून घेतले.

नोंदणीच्या दिवशी अंगठे, फोटो, सह्या, पुन्हा अंगठे. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात आला. त्यानंतर महिन्याभराने कमिटीच्या मीटिंगमध्ये सभासदत्वाचा ठराव झाला आणि सेक्रेटरींनी सर्टिफिकेट उलटं करून टेबलावर ठेवलं. त्यांनी आधी तिसरी ओळ लिहिली, बाईंच्या आणि मुलाच्या नावाची. शाई वाळेपर्यंत थांबले. मग चौथी, भाचीची आणि तिच्या नवऱ्याची. तक्त्यात आता एकच ओळ रिकामी राहिली होती.

"पार्किंगचं काय?" भाचीच्या नवऱ्याने विचारलं. बाईंच्या यजमानांची जुनी गाडी जिथे उभी असायची ती जागा आपल्याला मिळेल असं तो धरून चालला होता, एजंटनेही तसंच सांगितलं होतं. मोकळी पार्किंगची जागा कुणाला विकता येत नाही, ती सोसायटीची असते आणि वाटपही सोसायटीच करते.

सेक्रेटरींनी कपाटातून एक वही काढली, बोट फिरवत खाली आले आणि शेवटी त्या दोघांचं नाव लिहिलं.

"अकरावा नंबर," म्हणाले. "जागा सात आहेत."